शेरा : पदराची सावली

माझ्या सगळ्या नोकरीचं भाषण दोन वाक्यांत मावतं. "समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडंच पाहा," आणि "बाजूला कुठंही लाईट चमकला की बटन दाबा." अमरावतीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं मी ही दोन वाक्यं बोललो आणि दर मंगळवारी अकोल्याच्या शाखेत जाऊन तीच पुन्हा बोललो. पेशंट मला 'बटनवाले भाऊ' म्हणायचे. निवृत्त झालो त्या दिवशी बायको म्हणाली, "आता तरी तिसरं वाक्य शिका." संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या सांगतोच. पण लिहायला बसलो की एकच फाईल डोळ्यांपुढं येते आणि हात थांबतो.

आधी काम काय ते सांगतो. डोळे तपासणं म्हटलं की लोकांना भिंतीवरची अक्षरं आठवतात. ती अक्षरं फक्त नजरेचा मधला भाग तपासतात. सुई ओवणं, पेपर वाचणं, एवढंच त्यात येतं. पायात आलेली बादली, डावीकडून आलेली सायकल, शेजारी येऊन उभा राहिलेला माणूस हे सगळं बाजूच्या नजरेचं काम. ती बाजूची नजर किती शिल्लक आहे हे मी मोजायचो. खोलीत अंधार करायचा, एका डोळ्यावर पट्टी लावायची, पेशंटची हनुवटी टेकवायची. समोर परातीएवढी पांढरी, पोकळ वाटी उभी असते. तिच्यात कधी वर, कधी खाली, कधी कडेला बारीक उजेड चमकतो. दिसला की बटन. मग मशीन कागद काढते, त्याला आम्ही चार्ट म्हणतो. दिसलं तिथं पांढरं, नाही दिसलं तिथं काळं.

आणि यातली सगळ्यात हादरवणारी गोष्ट अशी की ज्याची बाजूची नजर गेली, त्याला बाजूला काळं दिसत नाही. तुम्हाला तुमच्या पाठीमागं काळं दिसतं का? तिथं काही नसतंच. तसंच त्याचं होतं. त्यामुळं त्याला पत्ताच नसतो. नांदगाव खंडेश्वरचे एक निवृत्त हेडमास्तर आले होते. भिंतीवरची शेवटची ओळ त्यांनी खणखणीत वाचली. माझी तपासणी त्यांनी परीक्षाच समजून दिली आणि उठल्यावर विचारलं, "किती पैकी किती?" मी कागद पाहिला. दोन्ही डोळ्यांत मधे बांगडीएवढी खिडकी पांढरी, बाकी सगळं काळं. "मशीन बिघडली असेल तुमची," ते म्हणाले. त्यांच्या कानाजवळ मी हात हलवला. ते समोर बघत बोलतच राहिले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं हे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"अवो, दोन वर्सांपासून भांडून राहिली मी यायच्याशी," ती म्हणाली. "लग्नात माह्या भावाले पाहून न पाहिल्यासारखं करते म्हून! भाऊ बाजूले उभा राहून नमस्कार करे, अन् हे चालले पुढं!"

दोन वर्षं एक माणूस स्वतःच्या घरात गर्विष्ठ ठरला होता. अशी माणसं मी रोज पाहिली. झोपून जाऊनही बटन दाबत राहिलेले पाहिले, चमकणाऱ्या लाईटला डास समजून वाटीत टाळी मारणारे पाहिले. पण हसून झालं की कागद हातात यायचा आणि हसू जिथल्या तिथं थांबायचं.

आता पदराचं. तपासणीच्या खोलीत अंधार, दार बंद, आणि मशीन चालवणारा मी पुरुष. परक्या माणसाबरोबर अंधारात सून एकटी कशी बसेल? म्हणून घरचं कुणीतरी आत येऊन स्टुलावर बसतं. बरोबर आलेले बहुतेक वेळा सासरे असतात. आणि सासरे खोलीत असले की सुनेचा पदर कपाळावर येतो. आमच्या भागात यात कुणाला काही वेगळं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

दर्यापूरकडची एक सून दोन वर्षं काचबिंदूचे थेंब घालत होती. तिच्या प्रत्येक चार्टवर वरचा आणि बाहेरचा भाग काळा यायचा. एकदा सासऱ्यांऐवजी सासू आली, सुनेचा पदर खांद्यावर राहिला, आणि चार्ट पांढराशुभ्र निघाला. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा माझा विश्वास बसेना. इतके दिवस आम्ही डोळा मोजतच नव्हतो, लुगड्याचा काठ मोजत होतो! डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासलं, थेंब बंद केले आणि सगळ्या स्टाफसमोर माझं नाव घेतलं. मी लगेच भिंतीवर पाटी लावली : 'पदर, ओढणी, टोपी, फेटा मागे घ्यावा.' अकोल्यातल्या नव्या मुलामुलींना शिकवताना मी स्वतःच्या डोक्यावर टॉवेल घेऊन चार्ट काढून दाखवायचो. माझी कॉलर ताठ झाली होती, हे कबूल करतो. पुढं पुढं तर कागद बाहेर यायच्या आधीच मी सांगायचो, "हा पदर आहे."

त्यानंतर काही वर्षांनी सुमन आली. कौंडण्यपूरजवळच्या गावची, पस्तिशीच्या आतबाहेरची. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर ती हार करून विकायची. डोकं दुखायचं, दोनदा चष्मा बदलून झाला होता, फरक नव्हता. अक्षरं तिनं जवळजवळ सगळी वाचली. डॉक्टरांनी सहज म्हणून माझ्याकडं पाठवलं. बरोबर सासरे होते. पांढरं धोतर, हातात पिशवी, बोलायला मोकळे. ते स्टुलावर बसले. सुमनचा पदर भुवयांपर्यंत होता.

मी दिवा घालवला आणि नेहमीसारखं म्हणालो, "ताई, पदर मागं घ्या."

बांगड्या वाजल्या. मी मशीन सुरू केली. माझ्या बाजूच्या छोट्या पडद्यावर पेशंटचा फक्त डोळा दिसतो, कपाळ दिसत नाही. तिचा डोळा मात्र ठिपक्यावरून जराही हलला नाही. इतकी नीट तपासणी देणारे पेशंट महिन्यातून एखादे मिळतात. पट्टी तिनंच अंधारात दुसऱ्या डोळ्यावर सरकवली. दोन्ही डोळे झाले, मी दिवा लावला आणि कागद ओढला. उजव्या डोळ्याची उजवी बाजू काळी, डाव्याची डावी. मी मान वर करून पाहिलं. पदर भुवयांपर्यंत होता.

मला हसू आलं. मी पेन काढलं आणि फाईलवर लिहिलं : 'पदराची सावली. तपासणी ग्राह्य नाही. तीन महिन्यांनी पुन्हा.'

सुमन दाराशी थांबली. खाली मान घालून म्हणाली, "भाऊ, हार करताना बाजूची टोपली दिसत नाई. गिऱ्हाईक बाजूनं हात लांबवते, तं मले मालूमच नाई पडत. चौकटीले दोनी खांदे आदळते."

मी म्हणालो, "अवो ताई, डोक्यावरून इतका पदर ओढला तं बाजूचं कसं दिसन?"

सासरे मोकळेपणानं हसले. मीही हसलो. ती हसली नाही. गर्दीचा दिवस होता, बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी माझ्या शेऱ्याखाली सही केली. पदराच्या बाबतीत माझा शब्द चालायचा, तो मीच चालता केला होता.

ती तीन महिन्यांनी आली नाही. फुलांचा हंगाम लागला, नवरात्र, दसरा, दिवाळी. झेंडूवाल्या घराला तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. शिवाय मीच 'काळजीचं काही नाही' म्हणून सांगितलं होतं. पाच महिन्यांनी ती आली.

मधल्या काळात आमच्याकडं रेणुका नावाची मुलगी नव्यानं लागली होती. अकोल्याची, नेत्रतपासणी शिकून आलेली. तिनं डॉक्टरांकडून एक रिकामी खोली आणि बाहेरचा लांब व्हरांडा मागून घेतला. चार्टवर काय दिसतं ते एक आणि माणूस घरात कसा वागतो ते दुसरं, असं तिचं म्हणणं. ती पेशंटला स्टुलं मांडलेल्या व्हरांड्यातून चालायला लावायची, डाळीतले खडे निवडायला द्यायची, कपात चहा ओतायला सांगायची. कुणी शिंपी असेल तर त्याला कापड द्यायची. मी तिच्या खोलीला भातुकली म्हणायचो. "काका, एक दिवस खेळायला या," असं ती उलट म्हणायची. माझ्या तपासणीआधी पेशंटनं तिच्याकडून जायचं, असा डॉक्टरांनी नियम केला, तो मला थोडा झोंबलाही होता.

त्या सकाळी रेणुकानं मला बोलावलं. निरोपात फक्त 'लवकर या' एवढंच होतं. चपला बाहेर काढून, दार हलकेच लोटून मी आत गेलो. सुमन जमिनीवर सतरंजीवर बसली होती, दाराकडं तिची डावी बाजू होती. रेणुकानं तिला सुईदोरा आणि फुलं दिली होती, डावीकडं एक टोपली, उजवीकडं एक. सासरे बाहेर होते, त्यामुळं पदर खांद्यावर होता. डोकं उघडं, केसांचा सैल अंबाडा. ती समोर दोऱ्याकडं बघत हार ओवत होती आणि फूल हवं झालं की हातानं जमीन चाचपत टोपली शोधत होती. डावीकडं चाचपायची, उजवीकडं चाचपायची. भर दिवसा, खिडकीतून ऊन येत असताना.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. आणि तिनं पदर घेतला नाही.

हे मला कळायला क्षण लागला. जी बाई सासऱ्यांसमोर, माझ्यासमोर, शिपायासमोरसुद्धा भुवयांपर्यंत पदर ओढायची, ती मी शेजारी येऊन उभा असताना उघड्या डोक्यानं हार ओवत होती. तिला मी दिसतच नव्हतो. रेणुका माझ्याकडं बघत होती. तिनं सुमनसमोर बसून दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवली. "ताई, माझ्या नाकाकडं पाहा. बोटं हलतात का?"

"कोनती बोटं?" सुमन म्हणाली.

मशीन नाही, वाटी नाही, बटन नाही. दोन हातांची बोटं. रेणुकानं मग "काका" म्हणून मला हाक मारली, तशी सुमननं दचकून मान वळवली, मला पाहिलं आणि घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला.

रेणुकानं टेबलावरची फाईल माझ्याकडं सरकवली. वर माझंच अक्षर होतं. खाली पाच महिन्यांपूर्वीचा चार्ट होता. तो मी तेव्हा पाहिला असं मला वाटत होतं, पण खरं म्हणजे आत्ता पहिल्यांदा पाहत होतो. दोन्ही चार्टवर काळा भाग मधोमध येऊन थांबला होता, अगदी उभ्या सरळ रेषेवर, फूटपट्टीनं आखल्यासारखा. आणि तो खालीही उतरला होता. पदर असा थांबतो का? पदराची कड वाकडी असते, ती वरून येते, खालचं कशाला झाकेल? हे मीच टॉवेल डोक्यावर घेऊन अकोल्यात शिकवायचो. दोन डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू अशा सरळ रेषेवर गेल्या, की मेंदूच्या तळाशी जिथं दोन्ही नसा एकमेकींना ओलांडतात तिथं काहीतरी दाबतंय, हे या कामातल्या नवख्या पोरालाही माहीत असतं.

रेणुकाला जवळ बसवून मी पुन्हा तपासणी केली. रेषा तीच होती, काळं वाढलं होतं. दुपारपर्यंत एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी गाठ होती, सुपारीपेक्षा मोठी. तिसऱ्या दिवशी तिला नागपूरला नेलं आणि नाकावाटे ऑपरेशन करून गाठ काढली. गाठ साधी निघाली, जिवाचा धोका टळला. नजरेचं काय, असं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नसा किती दिवस दाबल्या गेल्या होत्या त्यावर आहे." मग "सही माझीही आहे," असं म्हणाले. मला त्यानं जराही हलकं वाटलं नाही.

चार महिन्यांनी ती दाखवायला आली. उजव्या डोळ्याचं बरंच परत आलं होतं. डाव्याची बाहेरची बाजू गेली ती गेलीच. रेणुकानं तिला मान फिरवून पाहायला शिकवलं, दोन्ही टोपल्या उजव्या हाताला मांडायला सांगितल्या. सुमन व्हरांड्यातून चालून आली, एकाही स्टुलाला धक्का लागला नाही. मी हे सगळं लांबून पाहत होतो. मग सासऱ्यांना आणि तिला रेणुकाच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. मला बोलायचं होतं.

"आबाजी, पहिल्या वेळेस माझी चूक झाली," मी म्हणालो. "तेव्हाच कागदावर सगळं होतं. मी पदर म्हणून सोडून दिलं."

म्हाताऱ्यानं माझा हात धरला. "तुमची काहून चूक? तुमी तं सांगतलं होतं, पदर मागं घ्या म्हून. मी तेथं बसलो होतो ना स्टुलावर! माह्यासमोर सून पदर कसा काढीन? चार महिने झाले भाऊ, मले अन्न गोड लागत नाई. मी बाहेर बसलो असतो तं पोरीचा डोळा वाचला असता."

मी त्या माणसाकडं बघतच राहिलो. त्या दिवशी आम्ही दोघं मिळून हसलो होतो, आणि त्याचं सगळं ओझं त्यानं एकट्यानं उचललं होतं. मी सरळ रेषेचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुमन बोलली. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"मामाजी, तुमी कायले जिवाले लावून घेता? म्या काढला होता पदर."

"कधी?" मी विचारलं.

"तेवाच. भाऊनं दिवा घालवला अन् पदर मागं घ्या म्हणलं, तवाच काढला. पुरा खांद्यावर घेतला. अंधारात मामाजीले काय दिसते? दोनी डोळे होईपर्यंत तसीच बसली. तुमी दिवा लावाले उठले, त्याच्या आंधी घेतला पुन्हा."

मला बांगड्या ऐकू आल्या. त्या दिवशी मी त्या ऐकल्या होत्या. पण सुरुवातीच्याच. दिवा लावायच्या आधीही त्या वाजल्या असणार, तेव्हा माझं लक्ष दिव्याच्या बटनाकडं होतं.

"मग ताई, तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगतच होती," ती म्हणाली. "टोपली दिसत नाई म्हणलं, चौकट लागते म्हणलं. तुमी दोघंई हासले. मंग मामाजीसमोर कसं सांगू, का म्या पदर काढला होता म्हून?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "म्हंजे मी बसलो होतो म्हून नाई?" त्यांनी एखाद्या लहान पोरासारखं विचारलं.

"नाही आबाजी," मी म्हणालो. "तुमच्यामुळं नाही." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले.

ती माणसं बसस्टँडकडं गेल्यावर मी फाईल घेऊन माझ्या खोलीत बसलो. मी माणसांची नजर मोजायचो. पेशंट नीट बघतो की नाही यावर पहारा ठेवणं हेच माझं काम होतं. त्या दिवशी अंधारात माझ्यापासून हातभर अंतरावर एक बाई उघड्या डोक्यानं, ठिपक्यावरून नजर न हलवता, मी सांगितलं तसंच्या तसं करत बसली होती. दिवा लागल्यावर मला पदर दिसला, कारण मला पदरच पाहायचा होता.

जुना शेरा खोडायची दवाखान्यात परवानगी नसते, खोडूही नये. मी त्याच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं : 'वरील शेरा चुकीचा. तपासणीच्या वेळी पदर नव्हता. तपासणी बरोबर होती. पेशंटनं तेव्हाच सांगितलं होतं.' सही केली. मग भिंतीवरची पाटी काढली, ती पेशंटपेक्षा मलाच जास्त पदर दाखवत होती, आणि फाईल डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.